घरातले खाद्यतेल नव्याने ठरवताना

जानेवारीत सासऱ्यांच्या रक्ततपासणीचा अहवाल आला आणि त्यात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे, कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले. डॉक्टरांनी लगेच औषध सुरू न करता काही महिने आहारात बदल करून पाहू, असे सुचवले आणि एका आहारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्यांची वेळ मिळायला जवळजवळ महिना लागणार होता. तोवर भरून आणण्यासाठी त्यांच्या कार्यालयाने एक तक्ता पाठवला होता. त्यात घरातल्या प्रत्येक तेलाचे नाव, त्यातील घटक, पॅकचा आकार, पॅक उघडल्याची तारीख आणि महिन्याचा वापर असे रकाने होते. पहिले तीन रकाने डबे पाहून भरता आले. शेवटचे दोन भरण्यासाठी मात्र घरात कसलीच नोंद नव्हती, आणि मला वाटते बहुतेक घरांत ती नसतेच. पुढचे सगळे काम त्या दोन रिकाम्या रकान्यांपासून सुरू झाले.

कपाटातून सगळी तेले ओट्यावर काढून ठेवली, तेव्हा रोजच्या वापराचे रिफाइंड सूर्यफूल तेल, घाण्याचे शेंगदाणा तेल, तिळाचे तेल, खोबरेल, ऑलिव्ह तेल आणि जवसाच्या तेलाची एक लहान बाटली असा ऐवज निघाला. यातली तीन तेले महिन्यातून एकदोनदा वापरली जात होती आणि त्यांच्या बाटल्या कधी उघडल्या हे कोणालाच आठवत नव्हते.

वापर मोजण्यासाठी पूर्ण फेब्रुवारी महिना घेतला. स्वयंपाकाचा साधा वजनकाटा विकत आणला, एक तारखेला प्रत्येक बाटली झाकणासह तोलून वजन तिच्यावर लिहिले आणि महिनाअखेरीस पुन्हा तोलले. मध्ये नवा पॅक फोडला तर त्याचे वजन वेगळे टिपले. तेल मापाने मोजण्यापेक्षा वजनाने मोजणे सोयीचे पडते. पळीला आणि चमच्याला चिकटणारे तेल मापात हुलकावणी देते, शिवाय तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे एक लिटर तेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅमच भरते. दुकानात लिटरचा आणि किलोचा पॅक शेजारी असतील तर किमतीची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवावा. तळणीनंतर उरलेले तेल वेगळे तोलून वजा केल्यावर आमचा वापर माणशी रोज ३५ ग्रॅमच्या आसपास निघाला. सासूबाईंचा या आकड्यावर विश्वास बसला नाही, म्हणून मार्चचा पहिला आठवडा त्यांनी स्वतः काटा हाताळला. आकडा फारसा हलला नाही.

आहारतज्ज्ञांची भेट फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत झाली. त्यांनी कुठले तेल चांगले आणि कुठले वाईट अशी यादी दिली नाही, कागदावर हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी मेदातून येणारी ऊर्जा ३० टक्क्यांपर्यंत, संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदातून येणारी १० टक्क्यांपर्यंत आणि ट्रान्स मेदातून येणारी १ टक्क्यापर्यंत असावी. एक ग्रॅम मेद ९ किलोकॅलरी देतो. म्हणजे २,००० किलोकॅलरीच्या आहारात एकूण मेद सुमारे ६७ ग्रॅम आणि संपृक्त मेद सुमारे २२ ग्रॅम इतकाच बसतो, आणि त्यात दूध, दाणे, अंडी यांतून येणारा मेदही धरायचा असतो. आता १५ मिलीचा मोठा चमचा धरला तर दोन चमचे तेल साधारण २७ ग्रॅम होते. ते खोबरेल असेल, तर त्यातील जवळपास ९० टक्के मेद संपृक्त असल्यामुळे २४ ग्रॅम तिथेच होतात आणि दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. तेवढेच शेंगदाणा तेल घेतले तर संपृक्त मेद ५ ग्रॅमच्या आसपास राहतो आणि सूर्यफूल तेलात ३ ग्रॅमच्या आसपास. हा हिशेब पाहिल्यावर सासऱ्यांनी खोबरेलाचा आग्रह आपणहून सोडला. इतके दिवस आम्ही तोंडी जे सांगत होतो, ते एका कागदाने केले.

तेल अजिबातच बंद केले तर, असा प्रश्न मी विचारला होता. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती आहारातूनच यावी लागतात, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठीही मेद लागतो, असे त्यांनी समजावले. काही मेदाम्ले आहारात अत्यावश्यक असतात ही गोष्ट जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांवरील प्रयोगांतून १९२९ साली मांडली होती, हे मला नंतर वाचनात सापडले.

यानंतरचा मार्च महिना लेबले वाचण्यात गेला, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळाले ते इथेच. पॅकच्या पुढच्या बाजूकडे दुर्लक्ष करावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दांतून तेलाची निवड करायला काहीच मदत होत नाही, कारण वनस्पती तेलांत कोलेस्टेरॉल नगण्यच असते. मागच्या बाजूला संपृक्त, एकल असंपृक्त आणि बहु-असंपृक्त मेदाचे आकडे असतात, ते पाहावेत. एकाच नावाच्या दोन तेलांत मोठा फरक असू शकतो हे तिथेच कळते. नेहमीच्या सूर्यफूल तेलात बहु-असंपृक्त लिनोलेइक आम्लाचे प्रमाण साधारण ६० टक्के असते, तर उच्च ओलेइक वाणाच्या सूर्यफूल तेलात ८० टक्क्यांच्या आसपास एकल असंपृक्त ओलेइक आम्ल असते. बाटल्या दिसायला सारख्याच असल्या तरी तापवल्यावर आणि साठवल्यावर ही दोन तेले अगदी वेगळी वागतात. लिनोलेइक आम्लाचे ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन खवट होणे, ओलेइक आम्लाच्या मानाने सुमारे दहापट वेगाने होते आणि अल्फा-लिनोलेनिकचे त्याहूनही जलद होते. जवसाच्या तेलात या अल्फा-लिनोलेनिकचेच प्रमाण निम्म्याहून अधिक असते. ते तेल इतके नाजूक का, याचे उत्तर लेबलावरच होते.

रिफाइंड की घाण्याचे, या वादात मी पडणार नाही, कारण दोन्हींची कामे वेगळी आहेत. शुद्धीकरणात मुक्त मेदाम्ले, रंग आणि वास निघून जातात, त्यामुळे तेलाचा धूरबिंदू वाढतो. शेंगदाण्याचे न शुद्ध केलेले तेल १६० अंश सेल्सिअसच्या आसपास धुरू लागते, तर रिफाइंड २३० अंशांच्या आसपास. दुसरीकडे स्वाद, आणि नैसर्गिक टोकोफेरॉलांचा (ई जीवनसत्त्वाच्या प्रकारांचा) काही भाग, शुद्धीकरणात कमी होतो. घाण्याचे शेंगदाणा तेल घ्यायचे तर दाणे निवडून घेतले जातात का, याची चौकशी मात्र जरूर करावी. बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. शुद्धीकरणात ते जवळजवळ पूर्ण निघून जाते, पण नुसत्या गाळण्याने त्याची खात्री देता येत नाही.

याच महिन्यात एका तेल कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पत्र लिहिले. पॅकवरची भरण्याची तारीख पुसट छापली होती आणि पॅक उघडल्यावर तेल किती दिवसांत संपवावे, याचा कुठेच उल्लेख नव्हता. पहिल्या पत्राला दोन आठवड्यांनी आभाराचे छापील उत्तर आले. दुसऱ्या पत्रात बॅच क्रमांक, पॅकच्या मागच्या बाजूचे छायाचित्र आणि क्रमांक घातलेले प्रश्न पाठवले, तेव्हा आठवड्याभरात नीट उत्तर मिळाले. अशा पत्रव्यवहारात बॅच क्रमांक पहिल्याच ओळीत लिहावा, नाहीतर तो विचारण्यातच एक फेरी जाते. उत्तरातून भरण्याची तारीख कळली, आणि पॅक बंद करण्यापूर्वी तेलावरची मोकळी जागा नायट्रोजनने भरतात हेही कळले. पॅकवर छापलेली मुदत म्हणूनच न उघडलेल्या पॅकची असते. झाकण उघडले की नायट्रोजनच्या जागी हवा शिरते आणि त्या मुदतीचा आधार उरत नाही. उघडल्यानंतरच्या मुदतीबद्दल त्यांनी ‘लवकरात लवकर वापरावे’ एवढेच कळवले, म्हणजे ते उत्तर घरातच शोधायचे होते.

तेल निवडताना त्यामुळे आम्ही दोनच प्रश्न विचारले. ते किती तापणार आहे आणि उघडल्यावर आमच्या घरात किती दिवसांत संपणार आहे. तापमान कळण्यासाठी तळणीचा तापमापक घेतला. वजनकाटा सोडला तर साधनांवरचा हा एकच खर्च. तळण १७० ते १८० अंशांत उत्तम होते, पण पातळ बुडाच्या कढईत दोन चमचे तेल मोठ्या आचेवर ठेवले तर काही मिनिटांतच ते २०० अंश ओलांडते, हे तापमापकावर पाहिल्यावर आच आपोआप मंद ठेवली जाऊ लागली. तेल धुरू लागले की त्यातून अ‍ॅक्रोलिन हा डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा पदार्थ बाहेर पडतो. उच्च तापमानावरील तळणातून निघणाऱ्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा २ए गटात ठेवले आहे. म्हणून तेल धुरावण्याची वाट पाहण्याची सवय सोडणे आणि तळताना खिडकी उघडी ठेवणे हे बदल आम्ही तेल बदलण्याआधीच केले.

एप्रिलच्या सुरुवातीला निवड पक्की झाली. रोजच्या परतण्यासाठी, फोडणीसाठी आणि तळणासाठी उच्च ओलेइक सूर्यफूल तेल. कमी आचेच्या आणि स्वादाच्या कामासाठी घाण्याचे शेंगदाणा तेल, तेही लहान बाटलीत. जवसाचे तेल सर्वांत लहान बाटलीत, न तापवता वरून घेण्यासाठी. तिळाचे आणि ऑलिव्हचे तेल चांगलेच आहे, पण आमच्याकडे ते संपत नाही, म्हणून ते यादीतून गेले. ज्यांच्याकडे ऑलिव्ह तेल आठवड्याला पाव लिटर लागते त्यांचा निर्णय वेगळा असेल आणि तो बरोबरच असेल. मोठ्या डब्यात लिटरमागे पैसे वाचतात हे खरे, परंतु मुख्य तेल सोडले तर कोणतेही तेल आमच्याकडे महिन्याला पाव लिटरही लागत नाही, तेव्हा बाकीच्यांची मोठी खरेदी म्हणजे खवट तेलाचीच खरेदी ठरली असती.

साठवणुकीसाठी एक छोटी चाचणी केली, ती कोणालाही करता येईल. नेहमीचे सूर्यफूल तेल दोन सारख्या पारदर्शक काचेच्या बाटल्यांत भरले, दोन्हींवर तारखेची चिठ्ठी लावली, एक बाटली खिडकीत ठेवली आणि दुसरी खालच्या बंद कपाटात. दर रविवारी दोन्हींचा वास घ्यायचा. ‘अगं, थंड तेलाला वास नसतो, आधी थोडं कोमट कर,’ असे सासूबाईंनी सांगितले, आणि त्यांचे बरोबर होते. ऑलिव्ह तेलाचे अधिकृत परीक्षकसुद्धा तेल २८ अंशांच्या आसपास कोमट करून, रंग दिसू नये अशा निळ्या पेल्यात झाकून हुंगतात. आम्ही चमचाभर तेल वाटीत घेऊन ती वाटी कोमट पाण्यात ठेवत असू आणि मिनिटभर ताटलीने झाकत असू. महिना उलटायच्या आतच खिडकीतल्या तेलाला जुन्या शेंगदाण्यांसारखा वास येऊ लागला. मग तो रंगाच्या डब्यासारखा झाला आणि जिभेवर घशाशी खरखर जाणवू लागली. कपाटातले तेल तेव्हाही ठीक होते. प्रकाशाचा हा परिणाम न शुद्ध केलेल्या हिरवट तेलांत आणखी तीव्र असतो, कारण त्यांतील हरितद्रव्य प्रकाश शोषून ऑक्सिडीकरण वाढवते. अशी तेले पारदर्शक बाटलीत घेऊच नयेत.

उष्णतेची नोंद तर डोळे उघडणारी होती. शेगडीच्या वरच्या फळीवर, जिथे तेलाची बुधली ठेवण्याचा प्रघात होता, स्वयंपाकाच्या वेळी तापमापक ३९ अंश दाखवत होता आणि ओट्याखालच्या, भिंतीकडच्या कप्प्यात २७. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. बुधली हलवायला काहीच खर्च आला नाही, फक्त वाकावे लागते, आणि त्यावर घरात कुरकुर झाली. शेवटी रोजच्यापुरते पाव लिटरचे भांडे हाताशी आणि बाकीचा साठा खाली, अशी तडजोड झाली.

भांडे स्टेनलेस स्टीलचे, अरुंद तोंडाचे आणि फिरकीच्या झाकणाचे निवडले. गडद काचेची बाटलीही चालते. तांबे आणि लोखंड यांचे अंश तेल खवट होण्याची क्रिया भराभर पुढे नेतात, म्हणून कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी आणि गंज धरलेले डबे या कामाला वापरू नयेत. भांडे जुन्या तेलावरच पुन्हा भरू नये, ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तोटीच्या आत आणि झाकणाच्या आट्यांमध्ये जो पिवळा चिकटा जमतो, ते ऑक्सिडीकरण होऊन घट्ट झालेले तेल असते आणि त्याच्या संगतीने नवे तेलही लवकर बिघडते. भांडे रिकामे झाले की गरम पाणी आणि साबणाने घासायचे, चिकटा राहिला तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून ठेवायची, आणि धुतल्यावर दिवसभर पालथे ठेवून पूर्ण कोरडे झाल्यावरच नरसाळ्याने तेल भरायचे. यासाठी दोन भांडी आलटून पालटून वापरणे सोपे जाते. प्रत्येकावर उघडल्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी असते, आणि आहारतज्ज्ञांच्या तक्त्यातला तो रिकामा रकाना आता असा आपोआप भरतो.

जवसाचे तेल उघडल्यापासून फ्रिजमध्ये असते आणि महिना-दीड महिन्यात संपवले जाते. काही तेले फ्रिजमध्ये गढूळ होतात किंवा गोठतात. तो दोष नाही, खोलीच्या तापमानाला आणले की ती पुन्हा निवळतात. बाटली मात्र वारंवार आतबाहेर करू नये, गार बाटलीच्या आत दमट हवेचे पाणी जमते.

मे महिन्यात एका मैत्रिणीने कच्च्या लसणाच्या पाकळ्या घालून स्वादाचे तेल करण्याची कृती दिली, ती मी वाचली आणि बाजूला ठेवली. हवा न पोहोचणाऱ्या तेलात ओलसर लसणावर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या लसणामुळेच ही बाधा अनेकांना झाली होती. असे तेल करायचेच तर थोडे करून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. वासावरून हा धोका कळत नाही.

तळणीच्या उरलेल्या तेलाचा नियम जूनमध्ये ठरला. तेल गार झाल्यावर बारीक गाळणीतून आणि मग स्वच्छ कोरड्या कापडातून गाळायचे, कारण तळाशी राहिलेले जळके कण पुढच्या वेळी तेल आणखी लवकर बिघडवतात. ते ताज्या तेलात मिसळायचे नाही आणि आठवड्याभरात परतण्यासाठी संपवायचे. रंग गडद झाला, फेस बसेना, तेल दाट वाटू लागले किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर आला तर ते काढून टाकायचे. कितीतरी देशांत व्यावसायिक तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांना (तेल तापून बिघडताना तयार होणाऱ्या पदार्थांना) २५ टक्क्यांच्या आसपास कायदेशीर मर्यादा आहे. घरी ते मोजता येत नाही, म्हणून या खुणांवरच विसंबावे लागते. तेल गाळलेली आणि पुसलेली कापडे चुरगळून ढीग करून ठेवू नयेत. जवसासारखे तेल कापडावर वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगात ती साठून पेट घेऊ शकते. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचे नाही, आच बंद करून घट्ट झाकण ठेवायचे, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवले आहे.

खर्चाचा ताळेबंद जुलैमध्ये मांडला. नवे तेल लिटरमागे महाग आहे, पण वापर माणशी २५ ग्रॅमच्या आसपास आल्यामुळे महिन्याचा तेलाचा खर्च जवळपास पूर्वीइतकाच राहिला. आहारतज्ज्ञांच्या दोन भेटींचे शुल्क तेवढे जास्तीचे. सासऱ्यांचे एलडीएल दुसऱ्या तपासणीत थोडे कमी आले, मात्र त्यांनी या काळात रोज चालायलाही सुरुवात केली होती, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचे हे डॉक्टरांनीही सांगितले नाही. पुढची तपासणी सहा महिन्यांनी ठेवली आहे.

टाकाऊ तेलाचे काम सर्वांत शेवटी मार्गी लागले. मोरीत ओतलेले तेल नळीत थिजून साबणाच्या आणि अन्नाच्या कणांसह घट्ट बसते, म्हणून नगरप्रशासनाच्या कचरा विभागाकडे चौकशी केली. दूरध्वनीवर दोन ठिकाणी फिरवल्यानंतर लेखी अर्ज करायला सांगितले, आणि उत्तर यायला तीन आठवडे गेले. त्यांच्या अटी साध्या निघाल्या: तेल गार व गाळलेले असावे, त्यात पाणी नसावे, ते झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलेले असावे आणि बाटलीवर ‘वापरलेले खाद्यतेल’ असे लिहिलेले असावे. संकलनाचा दिवस महिन्यातून एकच असतो, तेव्हा तो आधी विचारून घ्यावा. जिथे अशी सोय नाही तिथे थोडे तेल जुन्या वर्तमानपत्रात किंवा लाकडाच्या भुशात शोषून घेऊन सुक्या कचऱ्यात न टाकता, घंटागाडीवरच्या कर्मचाऱ्यांना विचारून ते सांगतील त्या डब्यात द्यावे.